पाच शेरडं एकाएकी आंधळी झाली, डोळे मात्र स्वच्छ आहेत

माणदेशी · ४ सप्टेंबर, रात्री ९.१०

मंडळी, घाईत लिहितोय, चुकभूल सांभाळून घ्या. आमचं गाव माण तालुक्यात. घरी १९ शेरडं होती, निम्मी उस्मानाबादी, बाकी गावरान. मी पुण्यात नोकरीला असतो, शेरडं आई आणि आबा बघतात. परवा आईचा फोन आला की दोन शेळ्या कुंपणाला धडकतायत. काल पाच झाल्या. सहावी काल रात्री मेली. मी आज दुपारी गावी पोचलो.

डोळ्यांत पू नाही, पाणी नाही, पांढरा ठिपका नाही. काचेसारखे स्वच्छ डोळे आहेत. पण मान वर धरून, पाय उंच उचलत चालतात, जणू पाण्यातून चालल्यात. कोपऱ्यात गेल्या की तिथंच डोकं लावून उभ्या राहतात. चारा तोंडाशी धरला की खातात. आईचा आवाज आला की कान तिकडं वळतात. ताप नाही.

खाणं नेहमीचंच, रानातली चराई, संध्याकाळी मका आणि कडवळ. जंताचं औषध १८ दिवसांपूर्वी सगळ्यांना पाजलं होतं. बाकीच्या १३ ठणठणीत आहेत, म्हणजे औषधाचा संबंध नसावा असं मला वाटतं. कुणी असं बघितलंय का? दोन शेळ्या गाभण आहेत, आईनं दोन दिवस जेवण टाकलंय.

तांबडी_माती · ४ सप्टेंबर, रात्री ९.३५

पावसाळ्यात डोळ्यांची साथ येते, एकीची दुसरीला लागते. आमच्याकडं मिठाच्या पाण्यानं डोळे धुतात आणि टेट्रासायक्लिनचं मलम भरतात. चार दिवसांत उतार पडतो. मेलेली दुसऱ्या कशानं मेली असेल.

निवृत्त_पशुवैद्य · ४ सप्टेंबर, रात्री ९.५०

तांबडी माती, साथीत डोळा लाल होतो, गळतो, बुबुळावर पांढरी साय येते. इथं डोळा बाहेरून निरोगी आहे. मीठ, तुरटी, मध, चघळलेला पाला, काहीही डोळ्यांत घालू नका. बिघाड डोळ्याच्या मागं आहे, वरून घातलेलं तिथं पोचत नाही. उलट बुबुळ सोललं तर आहे त्यात भर.

माणदेशी, आत्ताच तीन गोष्टी करा आणि जसं दिसेल तसं लिहा, अंदाज नको.

गोठ्यातला दिवा घालवा, पाच मिनिटं थांबा, मग मोबाइलची बॅटरी एकेका डोळ्यावर धरा. शेळीची बाहुली आडव्या फटीसारखी असते. उजेड पडल्यावर ती फट बारीक होते का, की बाहुली मोठी गोल तशीच राहते?

दुसरं, हाताचा पंजा झपकन डोळ्याजवळ न्या. पण वारा लागू देऊ नका आणि पापणीच्या केसांना शिवू नका, नाहीतर आंधळी शेळीही डोळा मिटेल आणि तुमची फसगत होईल. मिटते का?

तिसरं, डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावा. आता मिटते का?

माणदेशी · ४ सप्टेंबर, रात्री १०.४०

डॉक्टर, पाचही बघितल्या. बाहुल्या मोठ्या, जवळपास गोल. बॅटरी धरली तरी हलत नाहीत. एका पाटीची (न व्यालेल्या तरण्या शेळीची) जरा आकसल्यासारखी वाटली, अगदी हळू. चांगल्या शेळीवर करून बघितलं तर लगेच फट झाली, तेव्हा फरक डोळ्यांत भरला. हात नेला तर एकही मिटत नाही. बोट लावलं की सगळ्या मिटतात.

निवृत्त_पशुवैद्य · ४ सप्टेंबर, रात्री ११.०५

छान बघितलंत. आता याचा अर्थ सांगतो.

बोट लावल्यावर मिटतात म्हणजे पापणी आणि तिच्या नसा चांगल्या आहेत. हात दिसत नाही म्हणजे नजर गेलीय, हे नक्की. पण बाहुली उजेडालाही आकसत नाही, ही खरी खूण. उजेडाची वर्दी डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून डोळ्याच्या नसेनं आत जाते आणि मेंदूच्या बुडाशीच वळून बाहुलीकडं परत येते. पाहण्याचं काम मेंदूच्या वरच्या भागाचं. मेंदूचा वरचा भाग बिघडला तर शेळी आंधळी होते, पण बाहुली उजेडाला आकसत राहते. तुमच्या शेळ्यांची बाहुलीच थांबलीय. बिघाड पडद्यात किंवा नसेत आहे.

पाच जनावरांच्या दोन्ही डोळ्यांत, दोन-तीन दिवसांत, एकसारखा. हे बहुतेक वेळा पोटातून गेलेल्या कशानं तरी होतं. म्हणून तुम्ही बाजूला ठेवलेल्या जंताच्या औषधाकडं मी परत येतोय. बाटली आहे का? नाव नको, त्यातला घटक आणि टक्के लिहा. किती मिली पाजलं, शेळ्यांचं वजन अंदाजे किती?

कुक्कुट_शेळी · ४ सप्टेंबर, रात्री ११.३०

माझा अनुभव सांगते, चाचणी का महत्त्वाची ते कळेल. गेल्या वर्षी करडांना रक्ती हगवण होती. कोंबड्यांचं अँप्रोलियम शिल्लक होतं, ते मी पाण्यातून दिलं, आणि थांबवायचं राहून गेलं. तीन करडं आंधळी झाली, मान मागं टाकून आभाळाकडं बघायची. आमच्या डॉक्टरांनी अशीच बॅटरी धरली होती आणि बाहुल्या आकसत होत्या. अँप्रोलियमची घडण बी-१ जीवनसत्त्वासारखी असते, जंतूला फसवण्यासाठीच ते तसं बनवलंय. जास्त दिवस दिलं तर करडालाच बी-१ कमी पडतं आणि मेंदू सुजतो. थायमिनची, म्हणजे बी-१ चीच, इंजेक्शनं दिल्यावर दुसऱ्या दिवशी दोन करडं बघायला लागली. तिसरं वाचलं नाही. ती चूक माझीच होती.

निवृत्त_पशुवैद्य · ४ सप्टेंबर, रात्री ११.४५

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. तेही औषधानं आलेलं आंधळेपण, पण मेंदूतलं. वेळेत थायमिन मिळालं तर परत फिरणारं. माणदेशी, उद्या डॉक्टर येतील तेव्हा थायमिन द्यायला सांगा. स्वस्त आहे, अपाय नाही, आणि मेलेल्या शेळीला मेंदूचाच आजार नव्हता असं आज छातीठोक सांगता येत नाही. नुसतं बी-कॉम्प्लेक्स पुरणार नाही, त्यात थायमिन थोडं असतं. सकाळी १९६२ ला फोन करा, जनावरांच्या डॉक्टरांचं फिरतं पथक येईल.

मेलेली शेळी पुरली का? नसेल तर शवविच्छेदन करून घ्या. तुमच्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि डोळे, डोळ्याच्या नसा, मेंदू फॉर्मॅलिनमध्ये ठेवायला आठवणीनं सांगा. पोट फाडून यकृत बघितलं की काम झालं असं होतं, आणि ज्या नसेत उत्तर आहे ती कवटीतच राहते.

माणदेशी · ५ सप्टेंबर, सकाळी ६.२०

शेळी पुरली होती. हे आधी विचारायला हवं होतं.

बाटलीवर क्लोझँटेल १५ टक्के असं आहे. दुकानात शेळीला ५ मिली सांगितलं होतं. आबा म्हणतात, आधीचं औषध १० मिली पाजायचो, हे निम्मंच दिलं, मग जास्त कसं होईल? मोठ्या शेळ्या २०-२२ किलोच्या असतील, पाटी १२ किलोच्या. पण डॉक्टर, १३ शेळ्यांना तेवढंच दिलं आणि त्या चांगल्या आहेत. हेच मला कळत नाही.

निवृत्त_पशुवैद्य · ५ सप्टेंबर, सकाळी ७.००

आधीचं १० मिलीचं औषध बहुधा अल्बेंडॅझोल किंवा फेनबेंडॅझोल असणार, अडीच टक्क्यांचं. त्यात १ मिलीत २५ मिलिग्रॅम. या बाटलीत १ मिलीत १५० मिलिग्रॅम. मिली निम्मे झाले, पण औषध सहापट दाट. क्लोझँटेलची मात्रा किलोला साधारण १० मिलिग्रॅम. २२ किलोच्या शेळीला दीड मिली भरतं. तुम्ही ५ दिलंत, म्हणजे ७५० मिलिग्रॅम, किलोला ३४. बारा किलोच्या पाटीला किलोला ६२.

आबांची यात चूक मानू नका. गावोगाव 'शेळीला इतके मिली' असाच हिशेब चालतो आणि अल्बेंडॅझोलला तो खपून जातो, कारण ते चुकलेलं सहन करतं. क्लोझँटेल करत नाही.

आता १३ आणि ६ चा प्रश्न. घरात शांतपणे परत विचारा, या सहांना मध्ये आणखी काही पाजलं होतं का. आवाज चढवू नका. भीती वाटली की माणूस सांगत नाही, आणि मला ती माहिती हवीय.

माणदेशी · ५ सप्टेंबर, सकाळी ९.१५

डॉक्टर, आईनं सांगितलं आणि रडायला लागली. त्या सहा शेळ्या बारीक होत्या, जबड्याखाली पाणी उतरलं होतं. पहिल्या डोसानं फरक दिसेना म्हणून बाराव्या दिवशी उरलेल्या बाटलीतलं परत पाच-पाच मिली फक्त त्याच सहांना पाजलं. त्यानंतर चौथ्या दिवशी पहिली धडकली. तिला वाटलं होतं, मी रागवेन.

निवृत्त_पशुवैद्य · ५ सप्टेंबर, सकाळी ९.४५

माउलीला माझा नमस्कार सांगा. तिनं सांगितलं म्हणून निदान झालं. दोनदा पाजलेल्या सहाच्या सहा आजारी, एकदा पाजलेल्या तेरातली एकही नाही. प्रयोगशाळेचा कागद नसला तरी याहून स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

क्लोझँटेल रक्तातल्या प्रथिनाला, म्हणजे अल्ब्युमिनला, जवळजवळ सगळंच चिकटून राहतं आणि हळूहळू उतरतं. मेंढीत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला दोनेक आठवडे लागतात, शेळीत त्याहून कमी. रक्त पिणाऱ्या जंतावर ते चालतं ते याच गुणामुळं. म्हणजे बाराव्या दिवशीही पहिल्या डोसातलं काही अंगात शिल्लक होतं, त्यावर दुसरा बसला. आणि सहा शेळ्या निवडल्या त्याही नेमक्या अशक्त. जबड्याखाली पाणी उतरतं ते रक्तातलं प्रथिन घटल्यावर. औषधाला धरून ठेवणारं प्रथिनच कमी, मग मोकळं औषध वाढतं. शेळीच्या पोटातला रक्त पिणारा जंत म्हणजे हिमॉन्कस, तो एकटा दिवसाला ०.०५ मिली रक्त पितो असं धरतात. हजार जंत असले तर रोजचं ५० मिली रक्त गेलं. ज्यांना औषधाची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच त्याची बाधा सगळ्यात लवकर.

ते काय करतं ते सांगतो. पेशी आपली ऊर्जा साठवते ती धरणासारखी, पाणी अडवून टर्बाइनवर सोडते. क्लोझँटेल त्या भिंतीला भोक पाडतं. कोयनेचं पाणी टर्बाइन न फिरवता तसंच नदीत गेलं तर वीज होणार नाही, तसं. जंत त्यानं मरतो. मात्रा वाढली की शेळीच्या पडद्यातल्या पेशी मरतात आणि नसेवरचं आवरण पाणी धरून फुगतं. डोळ्याची नस मेंदूकडं जाते ती हाडाच्या अरुंद बोगद्यातून. फुगायला जागा नाही, नस चेंगरते.

हे फक्त जनावरांपुरतं नाही. १९९३ साली लिथुआनियात मदत म्हणून आलेल्या औषधांत हे जनावरांचं औषध होतं. ते स्त्रियांच्या आजारावर चुकून दिलं गेलं आणि ११ बायकांची दृष्टी गेली. त्यांची नजर पुढं परत आली. तुमच्या शेळ्यांबद्दल तसा शब्द मी देऊ शकत नाही.

उपचारांचं खरं सांगायचं तर उतारा नाही. पाजल्यानंतर काही तासांत कळलं असतं तर कोळशाची पूड पाजून थोडं अडवता आलं असतं. सूज उतरवायला डॉक्टर मॅनिटॉल शिरेतून देतात, डेक्सामेथासोन देतात. कधी उपयोग दिसतो, कधी नाही. पण गाभण शेळ्यांना डेक्सामेथासोन नको, दिवस भरत आले असतील तर त्या गाभ टाकतील. हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. ज्या पाटीची बाहुली जरा हलली, तिच्याबद्दल मला आशा आहे.

रानजाई · ५ सप्टेंबर, दुपारी १.२०

वाचताना पोटात कालवलं. आमच्या कुत्रीचं सांगते, परत येणारी नजरही असते म्हणून. ती १२ किलोची, कॉलीच्या वळणाची, रस्त्यावरून आणलेली. गोचिडं आणि खरूज होती. कुणीतरी गाईंचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन १ मिली टोचलं. संध्याकाळी ती भिंतीला नाक लावून उभी. लाळ गळतेय, मागचे पाय डगमगतायत, बाहुल्या बशीएवढ्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी गणित केलं. एक टक्क्याचं इंजेक्शन, १ मिलीत १० मिलिग्रॅम, म्हणजे तिला किलोला ८३० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं. हृदयातल्या जंतापासून बचावाची महिन्याची मात्रा किलोला ६ मायक्रोग्रॅम. पुष्कळ कुत्री याहून जास्तही पचवतात. पण रफ कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत पुष्कळदा एमडीआर-१ या जनुकात दोष असतो. मेंदूच्या दारावर औषध परत ढकलणारा राखणदार अशा कुत्र्यांत नसतो. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २००१ मध्ये हे सापडलं. अशा कुत्र्याला किलोला १०० मायक्रोग्रॅमच्या पुढं गेलं की बाधा होऊ शकते.

सलाइनमधून तिला २० टक्क्यांचं फॅटचं दुधाळ द्रावण दिलं. आयव्हरमेक्टिन स्निग्धात विरघळतं, ते रक्तातल्या त्या फॅटमध्ये ओढलं जातं. झटके आले असते तर काय द्यायचं याचाही डॉक्टरांनी आधीच विचार करून ठेवला होता, कारण नेहमीचं डायझेपाम या विषात उलटू शकतं. सहाव्या दिवशी मी वाटी हलवली आणि तिची नजर वाटीमागं फिरली. मी तिथंच खाली बसले.

खिडकीतली_मनी · ५ सप्टेंबर, दुपारी २.०५

मांजरवाल्यांसाठी दोन ओळी. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक मांजराला दिवसाला किलोमागं ५ मिलिग्रॅमच्या वर देऊ नका. कुत्र्याची उरलेली गोळी अर्धी करून तर अजिबात नको. मांजराच्या पडद्याला या औषधापासून राखणारं प्रथिन जन्मतःच कमकुवत असतं. औषध पडद्यात साठतं आणि उजेडानं तिथं आग लावल्यासारखं होतं. त्यातून गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. आमच्या बोक्याची आली नाही. आणि म्हातारं मांजर एकाएकी आंधळं झालं तर औषधाला दोष देण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. वाढलेल्या दाबानं पडदा सुटतो आणि त्यावर उपचार आहेत.

तांबडी_माती · ५ सप्टेंबर, सायंकाळी ६.४०

डॉक्टर, माझं चुकलं, पुढच्या वेळी आधी बॅटरी धरीन. माणदेशी, एक व्यवहाराचं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. आंधळी शेरडं सांभाळणं अवघड. रविवारच्या बाजारात कापायला जातील, निम्मे पैसे तरी येतील.

निवृत्त_पशुवैद्य · ५ सप्टेंबर, रात्री ८.१५

नको. या मांसात औषध आहे. बरोबर मात्रेतसुद्धा कापण्याआधी कित्येक आठवडे थांबायचं असतं, लेबलवर ते दिवस लिहिलेले असतात. इथं मात्रा तिप्पट ते सहापट, तीही दोनदा. ते दिवस इथं पुरणार नाहीत. लिथुआनियाचं मी वर लिहिलंच आहे. दूधही माणसाच्या पोटी जाऊ देऊ नका, त्या १३ शेळ्यांचंसुद्धा. ते किती दिवस, ते येणारे डॉक्टर सांगतील. नुकसान मोठं आहे, मला कळतं. तरी नको.

माणदेशी · ५ सप्टेंबर, रात्री ९.००

विकणार नाही. आबांनी वाचायच्या आधीच सांगितलं होतं.

आज पथक आलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत यंत्रानं बघितलं, हिशेब बघितला आणि हेच निदान केलं. थायमिन सगळ्यांना, मॅनिटॉल सगळ्यांना, डेक्सामेथासोन तिघींना. गाभण दोघींना नाही.

दक्षिण_बेट · ६ सप्टेंबर, सकाळी ५.३०

मी न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या फार्मवर आहे, मूळचा फलटणचा. इथं औषध पाजायच्या आधी काही जनावरं काट्यावर चढवतात आणि पाजायच्या बंदुकीतून मेजरमध्ये पाच वेळा सोडून बघतात, खरंच तेवढे मिली पडतात का. आपल्याकडं धान्याचा ताणकाटा चालेल, पोत्याची झोळी करून. आणि सगळ्यांना पाजायची गरज नसते. दक्षिण आफ्रिकेत फामाचा नावाचा तक्ता निघाला, शेळीची खालची पापणी उलटून तिचा रंग पाच रंगांशी ताडायचा. लाल असेल तर सोडून द्यायचं, पांढरट असेल तिलाच पाजायचं.

निवृत्त_पशुवैद्य · ६ सप्टेंबर, सकाळी ८.१०

याला पूर्ण पाठिंबा. फक्त एक जोड देतो. पापणी पांढरीच राहिली तर तेच औषध परत पाजू नका. लेंड्या तपासायला द्या. जंत त्या औषधाला दाद देत नसेल तर दुसऱ्या घटकाचं लागेल. आणि रॅफॉक्झॅनाइड क्लोझँटेलच्याच घरातलं आहे. नाव वेगळं म्हणून त्यावर लगेच ते देऊ नका, तेही नजर घेऊ शकतं.

माणदेशी · २८ सप्टेंबर, रात्री ९.३०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितो. ती पाट बघायला लागली. बाराव्या दिवशी आईनं पिवळी ओढणी हलवली तर तिनं मान फिरवली. आता उजेडी नीट चालते, अंधार पडला की अडखळते. बाकी चौघींची नजर आलेली नाही. बाहुल्या तशाच आहेत. परवा डॉक्टरीणबाई परत येऊन गेल्या. डोळ्याची नस आत पांढरी पडलीय, आता आशा धरू नका म्हणाल्या.

एक गाभण व्यायली, दोन करडं, दोन्ही धडधाकट आणि डोळस. तिला करडं दिसत नाहीत, हुंगून ओळखते. दूध आम्ही काढत नाही. करडांनी ते प्यावं का हे विचारलं होतं. सध्या त्यांना शेजारच्या शेळीचं दूध बाटलीनं पाजतोय आणि त्यांच्या आईजवळ नुसतं झोपवतोय.

आबांनी पाण्याच्या टाकीपासून गव्हाणीपर्यंत शेळीच्या छातीच्या उंचीवर दोर बांधलाय. दोन दिवसांत चौघी त्याला अंग घासत जायला शिकल्या. गोठ्यातली एकही वस्तू आई आता जागची हलवू देत नाही. थोरल्या शेळीच्या गळ्यात घंटा बांधलीय, तिच्यामागं चौघी बांधापर्यंत जातात. ताणकाटा दहिवडीतून आणला. १९ च्या उरलेल्या अठरांची वजनं आईनं खडूनं गोठ्याच्या दारामागं लिहून ठेवलीत, आणि ती बाटली अजून ठेवलीय, डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या गावात दाखवायला मागितलीय.